थेरपीच्या पहिल्या सेशनलाच सगळं सांगावं लागतं का?
अजिबात नाही गं! माझी पहिली 50 मिनिटं निम्मी तर फॉर्म भरण्यात आणि झोप कशी लागते, घरी कोण कोण, आधी गोळ्या चालू होत्या का यातच गेली, मग आईचा विषय निघाला नि मी जी रडायला लागले ते टिश्यूचा डबा संपेपर्यंत, सायकॉलॉजिस्ट बाई नुसत्या शांत बसून, घाई नाही की सल्ला नाही. घरी येऊन उलट जास्तच गळून गेल्यासारखं झालं, होतं तसं. आणि हो, सायकॉलॉजिस्ट गोळ्या लिहून देत नाहीत, ते सायकियाट्रिस्टचं काम. दोन-तीन सेशननंतरही सूर नाही जुळला तर बिनधास्त दुसरीकडे जा. फीचं टेन्शन असेल तर टेलि-मानसला, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 वर फोन कर, फुकट आहे, मराठीतही बोलतात.