नगरसेवकाला परत बोलावता येते का?
प्रभागातील मतदारांच्या सह्या गोळा करून नगरसेवकाला घरी बसवता येईल, असे अनेकदा म्हटले जाते. महाराष्ट्रात मात्र कायद्याने तसा अधिकार मतदारांना दिलेला नाही. धुळे जिल्ह्यातले शिरपूर ओलांडून मध्य प्रदेशातल्या सेंधव्याला गेले की नियम वेगळा. मध्य प्रदेशच्या 1961 च्या नगरपालिका अधिनियमातील 47 व्या कलमान्वये नगराध्यक्षाला परत बोलावण्यासाठी मतदान घेता येते, आणि त्यात रिकामी खुर्ची व भरलेली खुर्ची एवढ्या दोनच निशाण्या असतात. पण तेथेही सुरुवात मतदारांना करता येत नाही, तीन चतुर्थांश नगरसेवकांच्या सह्यांचा प्रस्ताव लागतो (नगरसेवक स्वतः परत बोलावले जाण्यातून सुटलेलेच!). आपल्याकडे थेट निवडून आलेल्या सरपंचावरील अविश्वास ठराव ग्रामसभेत गुप्त मतदानाला जातो. मग धुळे-जळगावच्या प्रभागांनी कोणाचे घोडे मारले आहे?