जाती की प्रजाती?

विचारणा: 'सह्याद्रीत पालीची नवी प्रजाती सापडली' अशा बातम्या येतात. शाळेच्या पुस्तकात मात्र सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी उतरंड आहे. मग सापडलं ते नेमकं काय?

उत्तर: बहुतेक वेळा जाती. मराठी परिभाषेत जीनस म्हणजे प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती. वाघ, सिंह आणि बिबट्या या तीन जाती, पण प्रजाती एकच, पँथेरा. वाघ पँथेरा टायग्रिस, सिंह पँथेरा लिओ, बिबट्या पँथेरा पार्डस. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा त्यातली जाती सांगणारा. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने ही द्विनाम पद्धत वनस्पतींना 1753 मध्ये आणि प्राण्यांना 1758 मध्ये सरसकट लावली. घरातली मांजर वाघाच्याच कुलातली, पण तिची प्रजाती वेगळी, फेलिस.

हिंदीत जीनसला 'वंश' म्हणतात आणि स्पीशीजला सर्रास 'प्रजाति'. तिथूनच हा वापर आपल्याकडे आला असावा. तो रुळला म्हणून चालवून घ्यावा, हे मला मान्य नाही, कारण त्यात अर्थ बदलतो. निमास्पिस या प्रजातीतल्या पालींच्या नव्या जाती पश्चिम घाटातून वरचेवर नोंदवल्या जातात. त्यातल्या एकीला 'नवी प्रजाती' म्हटलं, की संशोधकांनी निमास्पिसच्या तोडीचा अख्खा नवा गटच उभा केला, असं होतं. तसंही कधी कधी घडतं, आणि ती फार मोठी बातमी असते. तेव्हा कोणता शब्द वापरणार?

विचारणा: पण बागायतदार 'हापूस ही आंब्याची जात' म्हणतात. ते चूक का?

उत्तर: बोलण्यात अजिबात चूक नाही. 'जात' हा शब्द शेतीत त्याच अर्थाने मुरलेला आहे. जीवशास्त्रावर लिहिताना मात्र तिथे 'वाण' म्हणावं. हापूस, पायरी, केशर हे सगळे मँजिफेरा इंडिका या एकाच जातीचे वाण, कलमं बांधून टिकवलेले.

या झाडाचं कुल पाहिलं तर वर्गीकरण अंगावरच कळतं. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुलातले. आंब्याचा चीक ओठाला लागला की फोड येतो, काजूच्या टरफलातल्या तेलाने हात सोलवटतात आणि बिब्बा उततो तो तर सर्वांना ठाऊक आहे. तिघांतली ही दाहक द्रव्यं रासायनिकदृष्ट्याही एकमेकांच्या जवळची आहेत. कोकणातल्या माणसाला 'कुल' शब्द समजावायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

विचारणा: आणि अळंबी? ती वनस्पती सृष्टीत धरायची का?

उत्तर: नाही. व्हिटेकर या शास्त्रज्ञाने 1969 मध्ये मोनेरा (जीवाणूंसारखे, पेशीत केंद्रक नसलेले जीव), प्रोटिस्टा (बहुतेक एकपेशीय, पण केंद्रक असलेले जीव), कवके (बुरशी, अळंबी वगैरे), वनस्पती आणि प्राणी अशा पाच सृष्टी मांडल्या. अळंबी कवकांमध्ये येते. तिच्यात हरितद्रव्य नसतं, ती कुजणाऱ्या पदार्थांतून अन्न शोषते आणि तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, जे कीटकांच्या कवचातही असतं. त्यामुळे 'अळंबी ही वनस्पती' हे वाक्य आता पाठ्यलेखनात येऊ नये.

सृष्टीच्याही वरची पायरी 1990 मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वूझ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडली: बॅक्टेरिया (जीवाणू), आर्किया आणि युकॅरिया (पेशीत केंद्रक असलेले सगळे जीव) ही तीन डोमेन. आर्किया दिसायला जीवाणूंसारखे, पण रायबोसोममधल्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या कणांमधल्या) आरएनएच्या क्रमावरून त्यांचा गट वेगळा ठरला. म्हणून त्यांना 'जीवाणूंचा एक प्रकार' म्हणू नये. या पायरीसाठी मी 'डोमेन' हाच शब्द लिहितो. 'क्षेत्र' म्हटलं तर वाचकाला जागा वाटते.