‘फस्टी’ म्हणजे बुरसटलेला नव्हे

शब्दवेडा:
सकाळी इथे एकाने लिहिलं, "जुनाट माणसाला इंग्रजीत फस्टी म्हणतात. तो मस्टीचाच भाऊ, अर्थ एकच: बुरसट." शब्दकोश उघडायचे कष्ट तरी घ्या! फस्टी बुरशीतून नाही, लाकडातून आलाय. लॅटिन ‘फुस्तिस’ म्हणजे सोटा. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘फुस्त’: आधी लाकूड, खोड, मग लाकडी पिंप. पिंपाचा वास लागलेली वाइन ती फस्टी. पुढे कोंदट खोली, आणि शेवटी जुन्या वळणाचा माणूस. सोट्याने बडवणं या अर्थाचा ‘फस्टिगेट’सुद्धा याच फुस्तिसचा.

धोपटमार्गी:
ते लिहिणारा मीच. शब्द चालतो वापरावर, कुळावर नाही. शेक्सपिअरच्या ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’त गर नसलेलं ‘फस्टी नट’ आहे. तिथे पिंप कुठून आणणार? मराठीत ‘बुरसटलेले विचार’ सगळ्यांना कळतं.

घाणेवाली:
फस्टी आणि मस्टी एकच, असं ऑलिव्ह तेल चाखणाऱ्यांपुढे म्हणू नका. आंतरराष्ट्रीय ऑलिव्ह परिषदेच्या चाखणीच्या पत्रकात हे दोन वेगळे दोष आहेत. फळांचा ढीग लागला, आत हवा पोचेना, फळं आंबली की तेल फस्टी. तीच फळं काही दिवस ओलीत राहून त्यांना बुरशी धरली की मस्टी. चाखायला रंगीत काचेचा पेला, म्हणजे तेलाचा रंग बघून मत बनत नाही. चाखणाऱ्यांनी दोषाला दिलेल्या गुणांचा मध्यांक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधला आकडा, शून्याच्या वर गेला की एक्स्ट्रा व्हर्जिन हा सर्वोत्तम दर्जा गेला. म्हणून फळं उथळ, जाळीदार क्रेटमध्ये ठेवायची आणि लवकरात लवकर घाण्यात घालायची.

धोपटमार्गी:
प्रश्न शब्दाचा होता, तेलाचा नाही. भलतीकडे नेऊ नका.

घाणेवाली:
शब्दाचाच आहे. आंबणं वेगळं, बुरसणं वेगळं. दोन्हीला एकच शब्द लावलात तर नेमकी चूक कुठे झाली ते गिऱ्हाइकाला कसं सांगणार?

शब्दवेडा:
पिंपाचंही तेच. रिकामं पिंप ओलं असतानाच बूच मारून ठेवलं की लाकडात मुरलेली वाइन बिघडते, आणि पुढच्या भरणीला तो वास लागतो. म्हणून धुवायचं, निथळवायचं, आत गंधकाची वात जाळायची, मगच बूच. फस्टीत हे बंद राहणं आहे. माणसासाठी ‘कोंदट’ लिहा.

धोपटमार्गी:
‘भाऊ’ मागे घेतो. मस्टीचं नातं ओलाव्याच्या ‘मॉइस्ट’शी जोडतात, तेव्हा घराणी वेगळी, हेही मान्य. पण कोंदट खोली असते, माणूस नव्हे. मी बुरसटलेलाच लिहिणार.