पेशीपटल, मार्गिका, वाहक, पंप: कोणता शब्द कोठे?

प्रश्न: कोल्हापुरात अकरावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवताना एक अडचण वारंवार येते. पेशीपटल, प्रद्रव्यपटल आणि पेशीभित्तिका हे शब्द मुले एकमेकांच्या जागी वापरतात आणि पटलातून पदार्थ नेणाऱ्या प्रत्येक प्रथिनाला सरसकट ‘वाहक’ म्हणतात. जाणकारांनी नेमका वापर सांगावा.

उत्तर: सर, पहिले दोन शब्द समानार्थीच आहेत; दोन्हींचा अर्थ पेशीला वेढणारे पातळ आवरण. भित्तिका मात्र वेगळी. ती वनस्पती, कवके आणि बहुतेक जीवाणूंमध्ये पटलाच्या बाहेर असते, प्राणिपेशीत नसते. हा फरक व्याख्येपेक्षा प्रत्यक्ष दाखवलेला बरा. तांबड्या कांद्याच्या पाकळीवरचा रंगीत पापुद्रा काचपट्टीवर घेऊन त्यावर मिठाच्या तीव्र द्रावणाचा थेंब सोडला, की परासरणाने पेशीतले पाणी बाहेर पडते आणि रंगीत भाग आक्रसून चौकटीपासून सुटताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. जागची न हललेली चौकट म्हणजे भित्तिका. आक्रसलेल्या भागाला बाहेरून लपेटून पटल असते.

‘पटल’ म्हटले की ताणून बसवलेला पडदा डोळ्यांपुढे येतो, तोही समज दूर करावा. साधारण ७ ते ८ नॅनोमीटर जाडीच्या या पटलात मेदरेणूंचे दोन थर असतात; पाण्याची ओढ असलेली डोकी दोन्ही बाहेरच्या अंगांना आणि पाणी टाळणाऱ्या शेपट्या आत, अशी त्यांची मांडणी असते. हे रेणू सतत जागा बदलतात आणि अनेक प्रथिनेही त्यांच्यामधून सरकतात. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ साली मांडलेल्या प्रारूपातला ‘तरल’ हा शब्द यासाठीच आहे.

दुसरे उत्तर: ‘वाहक’ हा शब्द सरसकट वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मार्गिका-प्रथिन रेणूला वाट करून देते, उचलून नेत नाही. ॲक्वापोरिन ही पाण्याची मार्गिका. तिच्या शोधासाठी पीटर ॲग्री यांना २००३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. वाहक-प्रथिन मात्र ग्लुकोजसारखा रेणू स्वतःला जोडून घेते, आपला आकार बदलते आणि पलीकडच्या बाजूला तो सोडते. पदार्थ जास्त संहतीकडून (म्हणजे जिथे त्याचे प्रमाण जास्त, तिथून) कमी संहतीकडे जात असेल, तर यात पेशीची ऊर्जा खर्च होत नाही. म्हणून याला सुलभ विसरण म्हणावे.

उलट दिशेने न्यायचे झाल्यास पंप लागतो. येन्स स्कू यांनी १९५७ साली उजेडात आणलेला सोडियम-पोटॅशियम पंप एटीपीच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाच्या, एका रेणूमागे सोडियमचे ३ आयन बाहेर काढतो आणि पोटॅशियमचे २ आत घेतो. पंचगंगेकाठच्या मुलांना पाटाचे पाणी आणि उपसा योजनेचे पाणी यांतला फरक सांगावा लागत नाही. विजेचे बिल कशाचे येते, हे त्यांना घरीच कळलेले असते.

पुरवणी: एक शब्द राहिला, तो म्हणजे सहवाहक. लहान आतड्याच्या पेशींतले एक प्रथिन सोडियमच्या २ आयनांबरोबर ग्लुकोजचा १ रेणू आत घेते. ते स्वतः एटीपी वापरत नाही, पण वरच्या पंपाने पेशीतले सोडियम कमी ठेवले आहे म्हणूनच ते चालते; त्यामुळे याला ‘दुय्यम सक्रिय वहन’ म्हणतात. जलसंजीवनीत मिठाबरोबर साखर घालतात ती चवीसाठी नव्हे. सोडियम या वाटेने आत जावे आणि त्यामागोमाग पाणी शोषले जावे, यासाठी.