मदत हवी आहे: ६ ते १० वयाच्या मुलांना मराठीतून शरीराची ओळख कशी करून द्यावी? (इंदूर)

रविवारची_ताई

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, रामबागेत आमच्या बिल्डिंगमधल्या आणि आजूबाजूच्या मराठी घरांतल्या पोरांना रविवारी सकाळी जमवते, वर्ग वगैरे मोठा शब्द आहे, १४ मुलं येतात, तासभर श्लोक-गाणी-गोष्टी आणि मग पोहे. सगळी इंग्लिश मीडियमची, आपसात हिंदी, घरी आजी असली तर मराठी.

मागच्या रविवारी आठ वर्षांचा एक मुलगा म्हणाला, "ताई, माझं पीठ दुखतंय." मी गमतीत म्हटलं, अरे कुठलं, गव्हाचं का ज्वारीचं? पोरगं रडकुंडीला आलं. हिंदीतली पीठ म्हणजे आपली पाठ, आणि पाठ म्हणावं तर ते त्याच्या हिंदीच्या पुस्तकातला धडा, बिचाऱ्याने करावं काय. मग मी सगळ्यांनाच विचारायला लागले. गुडघा जमला. मनगट तिघांना. टाच एकीला. कोपर दाखवा म्हटलं तर दोघांनी खोलीच्या कोपऱ्याकडे बोट केलं!!

तर पुढच्या रविवारी ४५ मिनिटं 'आपलं शरीर आणि चांगल्या सवयी' घ्यायचं ठरवलंय आणि आता माझीच गाळण उडालीये. एक तर आतल्या अवयवांना काय म्हणू, यकृत-मूत्रपिंड-जठर म्हटलं तर पोरं माझ्या तोंडाकडे बघत बसतील आणि लिव्हर-किडनी म्हटलं तर मग मराठीतून घेतलं कशाला. दुसरं, चार्ट आणलाय पण चार्टसमोर ही मंडळी दोन मिनिटं टिकत नाहीत. आणि सवयींचं तर बोलूच नका, हात धुवा दात घासा ही टेप ऐकून त्यांचे कान किटलेत. वर एका आईने विचारलं की पोह्यांवर शेव आणि बाजूला जिलबी देऊन तुम्ही आरोग्याच्या सवयी कशा शिकवणार. उत्तर नव्हतं माझ्याकडे. कोणी असं काही घेतलंय का? खर्च फार नको.

बडोद्याची_सून

ताई, मी माझ्या मुलांवर केलेला प्रयोग सांगते, आमच्याकडे हिंदीऐवजी गुजराती धरा. बाहेरून दिसतं ते सगळं फक्त मराठीत: खांदा, कोपर, मनगट, मांडी, पोटरी, घोटा, टाच, भुवई, पापणी, बेंबी. आतलं दोन्ही नावांनी. शाळेत पेपर इंग्लिशमध्येच लिहायचाय ना. आणि मान, गळा, घसा यांतला फरक जरूर सांगा. हार गळ्यात, खवखव घशात, आणि आखडते ती मान. हिंदीत गला एकच, दोन्ही कामं करतो. माझी लेक अजून "गळा दुखतोय" म्हणते.

ग्वाल्हेरचे_मास्तर

विज्ञान शिकवण्यात जन्म गेला, आता रिकामा आहे म्हणून सविस्तर लिहितो. चार्ट गुंडाळून ठेवा. एखाद्या आजीबाईंकडून नऊवारी मागून आणा. मोठ्या माणसाचं लहान आतडं पुस्तकात साधारण ६ मीटर देतात, मोठं आतडं दीड मीटर, म्हणजे झालं साडेसात, आणि नऊवारी भरते सव्वाआठच्या आसपास. पदराकडून हातभर सोडून द्यायची की हिशोब बसला. आधी मुलांना अंदाज करायला लावा की पोटात केवढं आतडं असेल, हातभर म्हणतील, मग घडी उलगडत जा. शेवटी तीच साडी पुन्हा बोचकं करून एकाच्या पोटावर धरायची. एवढं पुरे. विल्ली (आतड्याच्या आतली बारीक बोटं), पाचकरस वगैरे नको, त्याला शाळा आहे.

हृदयासाठी जाड कागदाची सुरळी. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक नावाच्या डॉक्टरने एका बाईंची छाती तपासताना संकोचून कान लावायचं टाळलं, कागदाची सुरळी करून ऐकलं आणि त्यातूनच स्टेथोस्कोप आला. ही गोष्ट सांगायची आणि सुरळ्या वाटायच्या. १५ सेकंद ठोके मोजा, चाराने गुणा, २० उड्या मारा, पुन्हा मोजा. लहान वर्गाला गुणाकार येत नसला तर मोठ्यांकडून करून घ्या, भांडतील पण करतील.

हाडांचा एकच आकडा सांगा: मोठ्या माणसात २०६. मग म्हणा हाताच्या एका पंज्यात २७, पावलात २६. दोन हात दोन पाय मिळून किती? १०६. म्हणजे निम्म्याहून जास्त हाडं पंजे आणि पावलांत! बाळाची सुटी सुटी तीनशेच्या आसपास असतात, पुढे जुळत जातात, हे सांगितलं की कोणीतरी विचारतंच, "मग माझी आत्ता किती?" गोड प्रश्न आहे, त्याला नेमकं उत्तर नाही असं सांगून मोकळं व्हायचं.

आणि हो, ज्या मुलाची पाठ दुखते त्याच्या दप्तराचं वजन करा. २०२० च्या दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नको असं आहे.

शेव_कमी_नको

पोह्यांवर बोट उचलणाऱ्या आईला इंदूरबाहेर पाठवा आधी :ड

गंमत सोडा. पोह्यात लोह असतं आणि वर लिंबू पिळलं की ते अंगी लागायला मदत होते. खरी गडबड चहाची. माझ्या भाच्यांना पोह्यांबरोबर अर्धा कप चहा मिळतो, लाडाने, आणि चहा त्याच लोहाच्या आड येतो. चहा बंद, लिंबू चालू, शेव चिमूटभर, जिलबी महिन्यातून एकदा. पोह्यांवरच्या मसाल्याबद्दल, आमच्या जिरावणाबद्दल, मी एक शब्द ऐकून घेणार नाही.

झोपेचंही बोला हो. आमच्याकडे पाहुणे आले की रात्री ११ ला सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीत, पोरांसकट, आणि दुसऱ्या दिवशी शाळा. या वयाला ९ ते १२ तास झोप लागते, ती कधी होणार. पण हे पोरांना सांगून काय उपयोग, गाडी काय ती चालवतात?

चष्मिश

हात धुण्यासाठी: तळव्याला थोडं तेल, वर दालचिनीची पूड. अर्ध्या मुलांना नुसत्या पाण्याने धुवायला सांगा, अर्ध्यांना साबणाने २० सेकंद. पाणीवाल्यांचे हात तसेच राहतात. साबणवाल्यांचेही अंगठे आणि नखांच्या कडा राहतात, तिथेच खरा धडा आहे. हळद वापरू नका!! साबण लागला की लाल होते, आमच्याकडे एकीने रक्त रक्त म्हणून गॅलरी डोक्यावर घेतली होती.

एक_बाबा

त्यापेक्षा सोपं, ताटलीत पाणी, वर मिरपूड, साबणाचं बोट लावलं की मिरपूड पळते. जंतू पळाले!

चष्मिश

दादा, दिसायला झकास आहे पण जंतू असे पळत नाहीत. ती पाण्याच्या पृष्ठताणाची करामत. मुलांना वाटतं साबण नुसता टेकवला की काम झालं, घासायचं राहूनच जातं.

दातवाली

दातांचे डॉक्टर म्हणून एक कळकळीची गोष्ट. दुधाचे दात २०, कायमचे ३२ हे सगळेच सांगतात. पण सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दातांच्या मागे एक दाढ येते, कुठलाही दात न पडता, गुपचूप. घरच्यांना वाटतं दुधाचीच आहे, किडली तर पडेल. ती पडत नाही, ती जन्माची दाढ आहे. तुमच्या १४ जणांना आरशात बघायला लावा, सगळ्यात मागची दाढ शोधू दे. ज्याला आपली दाढ 'सापडली' तो रात्री ब्रश करतो, हा माझा अनुभव.

भिया_इंदौरी

किडनी शिकवायला इंदूरात काय अडचण? पोरांना गीला कचरा सूखा कचरा झोपेतही येतं. म्हणायचं किडनी म्हणजे आपली कचरा गाडी.

ग्वाल्हेरचे_मास्तर

उपमा छान, पण अर्धी. तुमची गाडी सगळा कचरा घेऊन जाते. मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर गाळतात आणि बाहेर जेमतेम दीड-दोन लिटर सोडतात, बाकी सगळं परत रक्तात. म्हणजे गाडीवाल्याने घरातलं सगळं सामान बाहेर काढायचं आणि कचरा तेवढा ठेवून उरलेलं परत लावून द्यायचं, असं रोज.

दोन_मुलींची_आई

ताई, शरीर घेताय तर खासगी अवयवांचं टाळू नका. पोहायच्या कपड्यांत झाकले जातात ते भाग आपले, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, लावला तर घरी सांगायचं, गुपित ठेवायचं नाही. पालकांना आदल्या दिवशी कळवा म्हणजे सोमवारी वाद नको. १०९८ हा मुलांच्या मदतीचा हेल्पलाइन नंबरही पाठ करून घ्या.

रविवारची_ताई

काय लिहू, सगळ्यांचे खूप खूप आभार, काल झालं एकदाचं. ४५ मिनिटांचे पावणेदोन तास झाले.

नऊवारी वरच्या मजल्यावरच्या आजींनी दिली, कशाला हवी ते मी आधी सांगितलं नव्हतं. आमची खोली पुरली नाही, मोठं आतडं जिन्यात गेलं. खालून येणारे काका थांबून विचारायला लागले की वाळत घालताय का, तर पोरं ओरडली, "काका, आतड्यावर पाय देऊ नका!"

सुरळीने ऐकण्याआधी हृदय कुठे विचारलं तर सगळ्यांचे हात पार डावीकडे, मग सांगितलं की छातीच्या मधोमधच असतं, टोक फक्त डावीकडे कललेलं. एकीचे ठोके ९२ आले, उड्यांनंतर १४०, तर ती घाबरली, मग बाकीच्यांचेही तसेच आले म्हणून शांत झाली. दाढ नऊ जणांना सापडली. खासगी अवयवांचं पालकांना विचारून पाच मिनिटांत घेतलं, मला वाटलं तेवढं अवघड गेलं नाही, मुलं हसली नाहीत, मीच अडखळले.

मास्तर, त्या मुलाचं दप्तर त्याच्या आईने सामानाच्या काट्यावर तोललं. पोराचं वजन २४ किलो, दप्तर ५ किलो १००. आत पाण्याच्या दोन बाटल्या, एक त्याची आणि एक मित्राची, कारण मित्राला जड होते. त्याने स्वतःहून सांगितलं, "ताई, पाठ दुखत होती." पाठ म्हणाला!

पोहे झाले, लिंबू होतं, जिलबी नव्हती. नाराजी व्यक्त झाली.

साडी परत न्यायला गेले तर आजींना पोरांकडून सगळं कळलेलं. म्हणाल्या, "धुऊन आणलीस ना? आतडं केलं होतंस म्हणे माझ्या साडीचं."

पुढच्या रविवारी कान घ्यावा म्हणते. कानातल्या तीन हाडांना मराठीत काय म्हणतात?

ग्वाल्हेरचे_मास्तर

हातोडा, ऐरण, रिकीब (घोडेस्वार पाय अडकवतो ती). रिकीब म्हणजे शरीरातलं सगळ्यात लहान हाड, जेमतेम ३ मिलिमीटर. हातोडा घरात मिळेल. रिकीब राजवाड्याजवळ अहिल्याबाईंच्या पुतळ्याकडे बघून मिळणार नाही, तिथे घोडा नाही, तेव्हा लग्नाच्या वरातीतली घोडी गाठा. ऐरणीचं मात्र कठीण आहे, ओळखीत एखादा लोहार असेल तर आत्ताच बोलून ठेवा.