मदत हवी आहे: ताजे चेस्टनट निवडायचे कसे, ठेवायचे कसे?

घरी भाजायला किलोभर चेस्टनट आणले आणि बदाम-अक्रोडासारखे टिकतील असं समजून टोपलीत उघडेच ठेवले. आठवड्याने हलवून पाहिले तर खुळखुळ्यासारखे वाजायला लागले! भाजल्यावर तर दगडच. मग कळलं, यात तेल अगदी कमी आणि जवळजवळ निम्मं पाणी असतं. म्हणजे सुकामेव्यासारखे नाही, भाजीसारखे जपायचे.

दुसऱ्या खेपेला शहाणपणा करून प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारून फ्रिजमध्ये टाकले. काही दिवसांत साल ओलसर आणि बुडाशी पांढरी बुरशी.

आता हाताला जड, तकतकीत, दाबल्यावर न दबणारे तेवढेच घेते. बारीक भोक दिसलं की बाजूला (आत अळी असते, अनुभव आहे). पण पाण्यात तरंगणारे काढून टाकायची युक्ती कितपत भरवशाची? माझे तरंगलेले दोन फोडले, त्यातला एक चांगला निघाला. फ्रिजसाठी कागदी पिशवी बरी की भोकं पाडलेली? चीर देऊन फ्रीझरमध्ये ठेवलेले कोणी थेट 200 अंशांवर भाजलेत का? आतली तपकिरी साल सुटते का?

चीर द्यायला विसरू नका, हे मात्र सांगू नका. एक ओव्हनमध्ये फुटलाय, अजून घासतेय.