अनुभव धागा: यादीच्या तळाशी गेलेली पुस्तकं

वाचायच्या पुस्तकांची यादी आपल्यापैकी बहुतेकांकडे असते. कुणाची वहीत, कुणाची मोबाईलमध्ये, कुणाची नुसतीच डोक्यात. नव्या पुस्तकाचं कुणी कौतुक केलं की ते वर चढतं आणि जुनी नावं खाली सरकतात. मग ती तिथेच राहतात.

यंदाच्या उन्हाळ्यात मी यादी तळापासून वाचायला घेतली. सोलापुरात पारा 42 च्या वर गेला की सकाळी दहानंतर घराबाहेर पडवत नाही, वाचायला याहून चांगले दिवस नाहीत. अगदी तळाशी होतं लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. कॉलेजात असताना बाईंनी वाचायला सांगितलेलं. 1895 मध्ये नवरा ख्रिस्ती झाला, त्यानंतरची काही वर्षं लक्ष्मीबाई त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. एवढं मोठं दुःख, पण त्या सांगतात कशा, तर ओट्यावर बसून गप्पा माराव्यात तशा. एका पानावर हसू येतं आणि पुढच्या पानावर डोळे भरतात. ज्यांना हवंय त्यांच्यासाठी: लक्ष्मीबाई 1936 मध्ये गेल्या. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे हे पुस्तक आता सगळ्यांसाठी खुलं आहे.

आता तुम्ही सांगा. कोणतं पुस्तक, यादीत कसं आलं, इतकी वर्षं का राहिलं, हातात आल्यावर काय झालं? आवडलं नसेल तर तेही लिहा. दोन ओळी लिहिल्या तरी चालतील.

जुळे सोलापूरहून

श्री. ना. पेंडसे यांचं ‘रथचक्र’. आई नेहमी म्हणायची, वाच. मी म्हणायचे, वाचते गं. आता माझी मुलं नोकरीला लागल्यावर वाचलं. नवरा घर सोडून गेलेला आणि मुलांना शिकवायचंच या एका जिद्दीवर उभी राहिलेली ती बाई! पेंडसे तिला नावसुद्धा देत नाहीत, ती शेवटपर्यंत ‘ती’च. वयाच्या विसाव्या वर्षी वाचलं असतं तर मला ती हट्टी वाटली असती.

पूर्व भागातून

आमच्या घरात तेलुगू बोलतात. वडील यंत्रमागावर होते. शाळा सातवीपर्यंत, पण मराठी वाचन दांडगं. पाळी सुटली की वाचनालय, असा त्यांचा नेम.

ते गेल्यावर त्यांची खिशातली वही माझ्याकडे आली. पुढच्या पानांवर आठवड्याचा पगार, मालकाकडून घेतलेली उचल, किती फिटली, किती राहिली. वही उलटी धरली की मागून पुस्तकांची यादी सुरू होते. प्रत्येक नावापुढे वाचनालयाचा नंबर आणि वाचून झालं की बरोबरची खूण. काही नावांपुढे खूण नाही. त्यातलं पहिलं इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’.

हिराचंद नेमचंद वाचनालयातून मी ते आणलं. वडिलांनी महाभारत तेलुगूत ऐकलेलं, घरी आम्हालाही तसंच सांगितलेलं. त्यात कृष्णार्जुनांना कुणी जाब विचारत नाही. इरावतीबाई विचारतात. खांडववन जाळलं, पळणाऱ्या जिवांनाही सोडलं नाही, ते कशासाठी? हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि वडिलांशी मनातल्या मनात भांडलो. त्यांनी नक्की कृष्णाची बाजू घेतली असती. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आता त्या वहीत खुणा मी करतो, पण वेगळ्या शाईनं. त्यांच्या खुणा त्यांच्याच राहाव्यात.

पुणे-सोलापूर जाऊन येऊन करणारा

त्र्यं. वि. सरदेशमुख आपल्या सोलापूरचे. ‘डांगोरा एका नगरीचा’ला 2003 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा यादीत लिहिलं होतं. जाडी बघूनच मागे पडत गेलं. शेवटी हुतात्मा एक्सप्रेसमध्ये वाचलं, सोमवारी जाताना आणि शनिवारी येताना. सुरुवात संथ आहे, कुर्डुवाडी येईपर्यंत पकड येत नाही असं वाटलं. पण संस्थानी नगराचं ते जग एकदा अंगात भिनलं की बाहेर पडावंसं वाटत नाही. सोलापूरकरांनी तरी हे वाचायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

नवी पेठेतून

मी उलट बाजूनं लिहिते. एक गाजलेली पौराणिक कादंबरी शाळेपासून यादीत होती. यंदा घेतली, शंभरेक पानांवर ठेवून दिली. प्रत्येक वाक्याला तीन तीन विशेषणं, माझं मन त्यात रमेना. यादीतून नाव काढलं. जुनं आहे म्हणून वाचलंच पाहिजे असं नाही. काही पुस्तकांची आपल्या आयुष्यातली वेळ निघून जाते.

(धागाकर्ती: ताई, पटलं. यादीतून काढणं हाही निकालच.)

विजापूर रोडवरून

विभावरी शिरूरकर यांचं ‘बळी’, प्रकाशन 1950. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. रिक्षावाल्याला सांगितलं की तो नेऊन सोडतो. तिथे काय सेटल झालं होतं, हे मी चाळिशीपर्यंत कुणाला विचारलं नव्हतं.

इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पुढे त्यांच्या वसाहती केल्या, भोवती तारेचं कुंपण घातलं. माणसं गिरणीत कामाला जायची, पण परत येऊन हजेरी द्यायची. बाहेरगावी जायचं तर पास लागायचा. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर. त्यांनी या वसाहतींच्या खात्यात नोकरी केली होती, आतलं जगणं जवळून पाहिलं होतं. ‘बळी’ त्यातून आली.

माझ्या यादीत ती एका प्राध्यापकांच्या भाषणामुळे आली होती. दुकानात मिळाली नाही, म्हणून मागे राहिली. मध्यंतरी एका मित्राकडे रद्दीला काढलेल्या गठ्ठ्यात सापडली. पुठ्ठा सुटलेला, पानं तपकिरी, कडा हात लागला की झडणाऱ्या. मी ती टेबलावर सपाट ठेवून, एकेक पान दोन्ही हातांनी उलटत वाचली. घाईनं वाचायची सोयच नव्हती, आणि ते बरं झालं.

तो कायदा देशभरातून 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला. मालतीबाईंनी हे सगळं जवळून पाहून लिहिलं. दया दाखवून नाही, माणसं जशी आहेत तशी, त्यांच्या भांडणांसकट. मी गिरणगावच्या कहाण्या ऐकत वाढलो, 1930 मधला सोलापूरचा मार्शल लॉ आणि फाशी गेलेले चार हुतात्मे शाळेत शिकलो. हे कुंपण मात्र कुणीच सांगितलं नव्हतं. आता त्या रस्त्यानं जाताना मुलाला सांगतो.

अक्कलकोट रोडवरून

वरच्या दादांसाठी. आपल्या कोरड्या हवेत जुन्या बांधणीचा डिंक वाळतो आणि पानं सुटतात. सेलोटेप अजिबात लावू नका, काही वर्षांत तिचा पिवळा डाग पडतो आणि कागद फाटतो. गव्हाची पातळ खळ आणि पातळ कागदाची पट्टी वापरा, नाहीतर सरळ बाइंडरकडे द्या. कपाटात वेखंडाचे तुकडे ठेवा, कसर लागत नाही.

विजापूर रोडवरून

आभारी आहे काका. बाइंडरकडून आली की ‘बळी’ वाचायला देईन. कुणाला हवी असेल त्यांनी इथेच सांगा, पण परत द्यायची आहे हं.

पूर्व भागातून

पहिला नंबर माझा. वडिलांच्या यादीत आहे ती, आताच वही काढून पाहिलं.